एका गोलाचं जाळं

फुटबॉलच्या मैदानात गोल दोन असतात, एवढं हिराजी नाखव्याला मान्य होतं. पण दोन्ही गोलांना जाळं लावायचं, हे मात्र त्याला जन्मात पटलं नाही. आपल्या हातानं विणलेलं जाळं खांद्यावर टाकून तो मॅचला यायचा आणि ते फक्त समोरच्या टीमच्या गोलाला बांधायचा. आमच्या गोलाचे खांब उघडेबोडके. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मासा तिकरं लागाचा हाय. इकरं जालं लावून काय आपलाच पाय अरकवू?"

हाफटाइमला बाजू बदलल्या की खरी पंचाईत. पोरं लिंबू चोखत बसलेली आणि नाखवा एकटा जाळ्याच्या गाठी सोडतोय, सगळं ओझं खांद्यावर घेऊन चिखलातून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघालाय. दुसरा हाफ दर वेळी दहा मिनिटं उशिरा. रेफ्री शिट्ट्या मारून मारून दमायचा. नाखवा मान न वळवता सांगायचा, "फुंक तू, फुंक. फुंकून गाठ बसत नाय."

हिराजी नाखवा म्हणजे खारदांड्याच्या कोळीवाड्यातला एका होडीचा मालक. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात मात्र तो अरे-तुरेच राहिला, म्हणून इथंही तसंच लिहितो. आमच्या 'उधाण स्पोर्ट्स क्लब'चा तो नेमका कोण होता, हे सांगणं अवघड आहे. अध्यक्ष नव्हता, कोच नव्हता. जन्मात कधी एक मॅच खेळलेला नव्हता. तरीही लीगकडे पाठवायच्या खेळाडूंच्या यादीत पहिलं नाव दर वर्षी त्याचंच. वयाच्या रकान्यात अठ्ठावीस. मी सेक्रेटरी झालो त्या वर्षी त्यानं अठ्ठावीस लिहायला लावलं आणि पुढं सात वर्षं तेच लिहायला लावलं. त्याची साठी केव्हाच उलटली होती. मला वाटायचं, म्हाताऱ्याची हौस आहे, आपलं काय जातं?

आता मी सेक्रेटरी कसा झालो? इंग्रजीमुळे. मी कोळी नाही. आम्ही मालवणकडचे, वडील गिरणीत होते, मी सरकारी कचेरीत कारकून, खारला चाळीत दोन खोल्या. एकदा मासे घ्यायला गेलो तर नाखव्याच्या बायकोनं, कोंडामावशीनं, पाटीखालून एक भिजका कागद काढला आणि म्हणाली, "वाच रं जरा." लीगचं पत्र होतं. मी वाचून दाखवलं, वर शहाणपणा करून उत्तर पण लिहून दिलं. त्या दिवशी पापलेटाची जोडी घरी आली आणि सेक्रेटरीपद गळ्यात पडलं.

हे सगळं ऐंशी सालाच्या सुमाराचं. तेव्हा आम्ही वरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतो आणि भलेभले क्लब आम्हाला टरकून असायचे. त्याचं कारण सोपं होतं. मुंबईत फुटबॉल खेळायचा पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. कोळीवाड्यातला प्रत्येक धट्टाकट्टा पोरगा रिकामा. वाळूत धावून धावून पाय लोखंडाचे झालेले. नारळी पौर्णिमेच्या आत लीग संपायची. दर्याला नारळ वाहिला की बूट माळ्यावर आणि पोरं समुद्रात. फुटबॉल आणि मासेमारी दोघी सवती असूनही गुण्यागोविंदानं नांदत होत्या.

त्या दिवसांत नाखव्याचा तोरा बघण्यासारखा असायचा. तो सबंध मॅच समोरच्या गोलामागं उभा राहायचा. बॉल जाळ्यात आला की दोन्ही हातांनी सोडवून घ्यायचा आणि काय लागलं ते ओरडून सांगायचा. हेडरनं झालेला गोल म्हणजे पापलेट. लांबून मारलेला म्हणजे सुरमई. गोलकीपरच्या पायातून सुळकन गेलेला बोंबील. आणि समोरच्यानं स्वतःच स्वतःच्या गोलात घातला तर तोंड वाकडं करून म्हणायचा, "जवला हाय. पन टाकाचा नाय, घ्याचा." आमची पोरंसुद्धा गोल मारून आधी त्याच्याकडं बघायची. एकदा एका पोराच्या गोलाला तो बोंबील म्हणाला तर ते पोरगं आठवडाभर रुसलं होतं.

आमच्यावर किती गोल झाले, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. मॅच संपल्यावर, "आपलं किती?" एवढंच. मी, "आपले दोन, त्यांचे..." असं म्हणायला गेलो की हात वर करायचा. "दुसऱ्याचे पाटीन बगाचं नाय."

ही सवय पुढं फार उपयोगी पडली, कारण दुसऱ्याची पाटी भरायला लागली. झालं असं की लीगमध्ये क्लब वाढले आणि मैदानं कमी झाली. आज मॅच खेळलो तिथं दोन वर्षांनी जावं तर इमारतीचा पाया खणलेला. लीग लांबायला लागली. आधी पौर्णिमेच्या पुढं आठवडा, मग पंधरवडा, मग पार भाद्रपद. म्हणजे आषाढात आम्ही वाघ आणि पौर्णिमा उलटली की मैदानात नऊ जण, कधी आठ. कमावलेलं सगळं तिथं जायचं. एका वर्षी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरलो. एक वर्ष तग धरला आणि चौथ्यात गेलो. मग पाचव्यात. त्याच्या खाली काही नव्हतं.

जसजसे खाली उतरलो तसतशी मैदानंही उतरली. आधी बसायला पायऱ्या असलेलं मैदान. मग अंधेरीला शाळेचं पटांगण. शेवटी नाहूरला एका कारखान्याच्या मागची पडीक जागा, गोलाच्या जागी बांबू. तिथं जाळं ही चीजच कुणी आणत नसे. दादरला गाडी बदलून, पुलावरून ओझं वाहून नाखवा तिथं पोचायचा आणि बांबूला जाळं बांधायला लागला की समोरची टीम तोंडात बोट घालून बघत राहायची. त्यांच्यातला एकजण मला हळूच म्हणाला, "क्या बात है यार, ये तो फर्स्ट डिव्हिजनवाले लगते हैं!" मला हसावं की रडावं कळेना.

त्याच सुमाराला टीव्हीवर वर्ल्ड कप दाखवला. कोळीवाड्यात एका घरी सगळे जमले होते. नाखवा पाच मिनिटं टक लावून बघत बसला आणि उठून गेला. "दोनी बाजूंना जाली! मंग मासा कोनाचा?"

आता त्या वर्षाचं सांगतो. सांगायला जड जातं, कारण त्यात चूक माझी आहे.

आमच्या लीगचा नियम होता की एका हंगामात तीन वेळा टीम आली नाही की क्लबचं नाव कायमचं कटलं. आमचे दोन वॉकओव्हर होऊन गेले होते. शेवटची मॅच उरली होती, ती मैदानात पाणी साचल्यामुळं पुढं गेली. लीगचं कार्ड आलं, अमुक रविवारी चालेल का? मी कॅलेंडरवर बघितलं. रविवार, सुट्टी, झकास. लगेच उत्तर लिहिलं, आमची हरकत नाही, आणि ऑफिसला जाता जाता पेटीत टाकलं. संध्याकाळी मोठ्या ऐटीत नाखव्याला सांगायला गेलो.

त्यानं तारीख ऐकली. जाळ्याची सुई थांबली.

"लिवलास?"

"हो."

"पेटीन टाकलास पन?"

"सकाळीच."

"बरा केलास," म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला.

नारळी पौर्णिमा त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी होती. म्हणजे माझ्या रविवारी पहाटे, दोन-अडीच महिने जमिनीवर बसलेला सगळा कोळीवाडा पहिल्यांदा समुद्रात जाणार होता. कॅलेंडरवर आदल्याच चौकोनात नारळाचं चित्र होतं. मी लाल आकडा तेवढा पाहिला. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. आठ दिवसांनी होड्यांना रंग लागताना बघितला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावतपळत दुसरं पत्र लिहिलं. उत्तर आलं, एकदा कळवलेली तारीख बदलता येणार नाही.

आता कोळीवाडा माझी सालटी काढणार, या तयारीनं मी गेलो. पण कुणी चकार शब्द बोललं नाही. उलट एका होडीच्या तांडेलानं पाठीवर हात ठेवून, "तू तरी काय करनार?" म्हटलं. मला वाटलं, या लोकांचं मनच मोठं. नाखवा म्हणाला, "रयवार तं रयवार."

त्या रविवारी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर सगळ्या होड्या गेलेल्या. एकच होडी उभी होती, नवा रंग, पताका, पुढच्या टोकाला नाळेवर कुंकू तसंच. नाखव्याची. त्याचे दोन मुलगे आणि दोन पुतणे त्याच होडीवर जायचे, त्या चौघांना त्यानं ठेवून घेतलं होतं. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या दिवशी धडधाकट होडी किनाऱ्यावर ठेवणं म्हणजे दर्याकडं पाठ फिरवणं. कोंडामावशी दारात बसली होती. होडीकडं बघत होती.

ते चार, शाळेत शिपाई असलेला आमचा गोलकीपर आणि गॅरेजात काम करणारा एक, असे सहा झाले. मॅच सुरू करायला कमीत कमी सात लागतात. नाहूरला रेफ्रीनं यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं. "हिराजी?"

"हाय," नाखवा म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हाफपँटीत बघत होतो. काटक्यांसारखे पाय, अंगात उधाणची जुनी जर्सी, पोटावर ताणलेली. रेफ्रीनं यादी बघितली, नाखव्याकडं बघितलं, पुन्हा यादी बघितली. "उमर अट्ठाइस?"

"लिवलंय ना त्यान?" नाखवा म्हणाला.

तेव्हा मला कळलं की ते नाव हौसेनं लिहिलेलं नव्हतं. गेली सात वर्षं, एक माणूस कमी पडेल त्या दिवसासाठी, त्यानं स्वतःला राखून ठेवलं होतं.

मग त्यानं जाळं उचललं आणि आमच्याच गोलाला बांधायला लागला. मी धावत गेलो. "नाखवा, ही आपली बाजू!"

"ठाव हाय. सात जनांन बॉल आनाला कोन धावंल? आज मासा इकरंच येनार."

आणि आला. अकरा वेळा आला. पोरं जीव तोडून धावली. नाखवा गोलासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता, मधूनच बॉलच्या दिशेनं दोन पावलं टाकायचा, तोवर बॉल पुढं गेलेला असायचा. प्रत्येक गोल झाला की तो वळायचा, जाळ्यातून बॉल अलगद सोडवायचा आणि काय लागलं ते प्रामाणिकपणे सांगायचा. "बोंबील." "बोंबील." "ही पापलेट, नाय बोलाचं काम नाय." नववा गोल पार मधल्या रेषेवरून आला. त्यानं बॉल हातात धरून मारणाऱ्या पोराकडं बघितलं आणि म्हणाला, "सुरमई हाय. बेस मारलंस." मी काठावर उभा राहून लिहून घेत होतो आणि मला अक्षरं दिसत नव्हती.

खेळ संपल्यावर समोरच्या टीममधली दोन पोरं आपणहून जाळ्याच्या गाठी सोडायला आली. नाखवा कुणाला जाळ्याला हात लावू देत नसे. त्या दिवशी त्यानं लावू दिला.

क्लबचं नाव त्या दिवशी वाचलं. दुसऱ्या वर्षी मैदानावर पाचच जण आले. एकजण दुबईला गेला होता, नाखव्याचा थोरला टॅक्सी चालवायला लागला होता, बाकीच्यांनी पौर्णिमेचा धसका घेतला होता. शेवटचं पत्र मीच लिहिलं, आमचं नाव कमी करावं म्हणून. नाखव्यानं ते दोनदा वाचून घेतलं.

पुढं मी मुलुंडला ब्लॉक घेतला आणि खारदांडा सुटला. येतो येतो म्हणत तीन वर्षं गेली. गेल्या नारळी पौर्णिमेला मात्र नारळ घेऊन गेलो. अंगणात नाखवा जाळं विणत बसला होता. कोंडामावशीनं नारळाची वडी पुढं केली आणि हसून म्हणाली, "बरा झाला आजच आयलास. नायतर या बाबाला पुनव हाय ते पन ठाव नसतं. तुज्या मॅचची तारीख यानच सांगलीवती ना, पुनव इसरून! पंचांसमोर कबूल केलान. गाव अजून हसतान, नाखवा झाला आनि नारली पुनव इसरला."

वडी माझ्या हातातच राहिली. हा माणूस वाऱ्याच्या वासावरून तिथी सांगायचा. त्यानं सगळ्या गावासमोर, पंचांसमोर सांगितलं होतं की पौर्णिमा तो स्वतःच विसरला.

"मावशी, ते नाखव्यांनी नाही," मी म्हणालो, "तारीख मी..."

"ए शेकेटरी," नाखवा म्हणाला, "ता टोक धर. गाठ बसत नाय."

मी टोक धरलं. त्यानं गाठ मारली, मग दुसरी मारली. मावशी आत गेली. गोलाच्या मापाचंच जाळं होतं ते, पण कशासाठी विणताय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

निघताना तो फाटकापर्यंत आला. "पुढले वर्साला पुनवेला ये," म्हणाला. मी मान हलवली आणि वळलो. चार पावलं गेल्यावर त्यानं मागून हाक मारली.

"रयवार नसला तरी ये."