ओळख दाखवली

औषधाच्या दुकानातल्या मावशींचा एक दावा होता: काउंटरपलीकडे उभा राहिलेला माणूस त्या जन्मात विसरत नाहीत. त्यामुळे भरदुपारी एका टकल्याने सुरा दाखवून गल्ला रिकामा केला, तेव्हा मालकांनी डोक्याला हात लावला आणि मावशी मनातून खूश झाल्या. दुकानात त्या एकट्याच होत्या. म्हणजे साक्षीदारही त्या एकट्याच. त्या चुकल्या की चोर सुटला.

चोराचं वर्णन त्यांनी असं रंगवून सांगितलं, की लिहिणाऱ्या हवालदाराचा हात भरून आला. थोड्याच दिवसांत माणूस सापडला.

मग आली ओळख परेड. ती कशी असते, याचं मावशींना भारी कुतूहल. फौजदारांनी समजावलं, की आरोपीला एकट्यालाच पुढे केलं तर कुणीही त्याच्याकडेच बोट दाखवेल. म्हणून त्याच्यासारखे दिसणारे चार भले लोक शेजारी उभे करायचे. असे लोक मिळतात कुठे, असं मावशींनी विचारलं. दिसतील ते धरून आणतो, असं उत्तर मिळालं.

परेड घेणारे दंडाधिकारी कडक होते. त्यांनी बजावलं, "एक शब्द बोलायचा नाही. यातल्या ज्याला ओळखत असाल, त्याच्या खांद्याला हात लावायचा."

रांगेत पाच टकले. पाचांनाही मिशा. मावशींनी चोर पाहताक्षणी हेरला. तो टोकाला होता. पण मधोमध उभे होते त्यांचे सख्खे व्याही! भाडेकरूची माहिती द्यायला बिचारे पोलीस ठाण्यात आले, ते फौजदारांच्या तावडीत सापडले.

मावशींपुढे धर्मसंकट उभं राहिलं. मागे एका लग्नात त्यांचं लक्ष नव्हतं, तर "विहीणबाईंनी ओळख दाखवली नाही" हे मुलीला सासरी वर्षभर ऐकावं लागलं होतं. आता बोलायची तर बंदी, आणि साहेबांचा हुकूम स्पष्ट: ज्याला ओळखत असाल त्याला. मावशींनी अदबीनं मान लववून व्याह्यांच्या खांद्याला बोटाचं टोक टेकवलं. मग पुढे जाऊन चोराच्या खांद्यावर सणसणीत थाप मारली.

कागदावर आलं: साक्षीदाराने प्रथम क्रमांक तीनला ओळखले.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी तेवढाच धागा धरला. ते माझे व्याही आहेत हो, असं मावशी कळवळून सांगत होत्या. चूक झाल्यावर नातं बरं आठवलं, असं वकील म्हणाले. शेवटी न्यायाधीशांनी व्याह्यांनाच बोलावलं. या आमच्या विहीणबाई, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. घोळ मिटला असता आणि चोर आत गेला असता.

पण वकिलांनी आधी त्यांना विचारलं, की रांगेत उभं करायला तुम्हालाच का निवडलं, ठाऊक आहे का? आणि मावशींनी दिलेलं वर्णन वाचून दाखवलं. डोळे बेडकासारखे. नाक कुणीतरी पाय दिल्यासारखं. कान सुपाएवढे. एकंदर तोंड असं, की बघताच गल्ल्याला कुलूप लावावं.

व्याही एकेक अवयव शांतपणे ऐकत गेले. मागच्या बाकावर मावशींच्या मुलीनं डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी विचारलं, "या बाईंना तुम्ही ओळखता?"

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मावशींना नीट निरखलं.

"पाहिल्यासारखं वाटतं, साहेब," ते म्हणाले. "पण शपथेवर खात्रीनं सांगता येणार नाही."

पिंजऱ्यातला टकल्या मात्र मावशींकडे पाहून अगदी ओळखीचं हसला. पण हसण्याचा पंचनामा करायची सोय कायद्यात नसल्यामुळे तो सुटला.