सोमकुवरांकडे मराठी बंद

सोमकुवरांच्या घरात मराठी बंद झाली ती फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळच्या चहाच्या वेळी. देवीदास सोमकुवर मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या पोस्टात कारकून होता. त्यानं कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. हिंदी नाहीतर इंग्रजी."

"हे तुम्ही मराठीतच सांगून राहिले," त्याची बायको वत्सला म्हणाली.

"हे शेवटचं."

कारण होतं पाच वर्षांची मीना. केरळातून आलेल्या सिस्टरांनी गावाबाहेर नवी शाळा काढली होती. शाळा कॅथलिक, शिकवणं इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत, आणि फाटकावरच्या पाटीवर पृथ्वीचा गोल रंगवलेला. तेवढ्या गोलावरून अख्खं सौंसर तिला इंटरनॅशनल म्हणू लागलं होतं. जागा चाळीस होत्या. एप्रिलमध्ये मुलाची आणि आईबापांची मुलाखत होणार होती. पोस्टातल्या सुधाकरनं खात्रीची बातमी आणली होती की ज्यांच्या घरात मराठी बोलतात त्यांना फाटकावरूनच परत पाठवतात.

नगरपालिकेची मराठी शाळा सोमकुवरांच्या दारापासून चाळीस पावलांवर होती. पण देवीदासचा निश्चय हौसेपोटी नव्हता. दोन वर्षांपूर्वी वरच्या ऑफिसातून इंग्रजीत एक पत्रक आलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं, समजलं असं स्वतःला सांगितलं आणि नीट फायलीला लावलं. ते बढतीच्या परीक्षेचं पत्रक होतं. अर्जाची शेवटची तारीख फायलीतल्या फायलीत निघून गेली आणि देवीदास होता त्याच खुर्चीवर राहिला. आपल्या पोरीच्या हातात आलेला कागद तिला कळलाच पाहिजे, हे त्यानं त्या दिवशी ठरवलं होतं. वत्सला स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा गावात नव्हती म्हणून थांबलेली. त्यामुळे शाळेबद्दल तिचं नवऱ्याशी एकमत होतं, फक्त उपायाबद्दल नव्हतं.

"मले बाजारापुरती हिंदी येते," ती म्हणाली. "भाव विचारता येते. पोरीले का दिवसभर भाव विचारू?"

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"हिंदीत सांगा."

देवीदासनं हिंदीत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वत्सला नळावर गेली होती. चुलीवर दूध होतं आणि देवीदास अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. मीना धावत आली.

"पप्पा, मिल्क."

"गुड," देवीदास म्हणाला.

"पप्पा, मिल्क अप."

"मिल्क इज अप," देवीदासनं वस्तरा थांबवून दुरुस्ती केली.

"मिल्क इज अप," मीना आज्ञाधारकपणे म्हणाली.

"शाबास. फिर से बोलो."

मीनानं ते वाक्य चार वेळा अगदी बिनचूक म्हटलं. पाचव्यांदा म्हणेपर्यंत करपल्याचा वास अंगणात पोचला होता. वत्सला घागर घेऊन आली, चुलीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. मग तिला बंदी आठवली. जे तिला बोलायचं होतं ते बाजाराच्या हिंदीत बसण्यासारखं नव्हतं. ती भांडं घासायला राख आणायला गेली.

घर असं गप्प झालं. शेजारच्या सरलाबाईंना चार दिवस पलीकडून बोलण्याचा आवाज आला नाही, तेव्हा त्यांनी कुंपणावरून हळूच विचारलं, "भांडले का वो तुम्ही?"

वत्सलानं मान हलवली. ती नाही म्हणत होती, पण सरलाबाईंना ते हो वाटलं. संध्याकाळी त्यांच्या सांगण्यावरून समेट घडवायला कापडाचे दुकानदार मुकुंदराव घरी आले. देवीदासनं त्यांना "आइए, बैठिए" म्हटलं, मुलीकडून "गुड इव्हनिंग" म्हणवून घेतलं आणि घरात सगळं ठीक असल्याचं हिंदीतून सांगितलं. मुकुंदराव पाच मिनिटांत उठले. बाहेर येऊन ते सरलाबाईंना म्हणाले, "नवरा घरात असा कचेरीवानी बोलून राहिला, म्हनजे मामला वकिलापर्यंत गेला समजा."

मीना आधी इतकी बोलायची की झोपेतही तिचं वाक्य अर्धं राहिलेलं असायचं. मार्चमध्ये तिचं बोलणं निम्म्यावर आलं. एप्रिल लागला तेव्हा ती पाणी हवं असलं की माठाकडे बोट दाखवायची आणि नको असलं की मान फिरवायची. वत्सलाच्या ते लक्षात आलं होतं. तिनं नवऱ्याला तसं सांगितलंही, "बच्ची चूप हो गयी."

"डिसिप्लिन," देवीदास समाधानानं म्हणाला.

मुलाखतीच्या दिवशी मीनाच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी होत्या. सिस्टर ॲग्नेस उंच, सावळ्या, शांत बाई होत्या. त्यांनी मीनाला समोरच्या लहान खुर्चीवर बसवलं आणि इंग्रजीत नाव विचारलं.

"माय नेम इज मीना."

देवीदासनं श्वास सोडला. सकाळी काय खाल्लं, असं सिस्टरांनी विचारलं.

"माय नेम इज मीना."

सिस्टर हिंदीवर आल्या. घरी कोण कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

मीनानं बराच विचार केला. "पप्पा सिटिंग है," ती म्हणाली. "मम्मी भी सिटिंग है."

"अच्छा, अपना घर का भाषा में बोलो. कुछ भी बोलो, बेटी."

मीनाच्या तोंडून "माय..." एवढं निघालं. मग तिनं देवीदासकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. देवीदास मान हलवून तिला परवानगी देत होता, पण दोन महिन्यांची शिस्त मान हलवून जाणारी नव्हती.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "ये बच्ची बोलता नहीं क्या?"

"बोलती है, सिस्टर. बहुत बोलती थी."

"थी?"

देवीदासनं सगळं खरं सांगून टाकलं. घरात मराठी कशी बंद केली हे तो थोडं अभिमानानंच सांगू लागला होता, पण शेवटाकडे येईपर्यंत त्याचा आवाज बारीक झाला.

सिस्टर चिडल्या नाहीत. "देखिए," त्या म्हणाल्या, "दो भाषा हम सिखाएगा. वो हमारा काम है. लेकिन एक भाषा बच्चा को घर से लाना पड़ता है. पूरा. उसके ऊपर ही दूसरा चढ़ता है. आपका बच्ची के पास अभी तीन आधा-आधा भाषा है." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "एक सीट मैं जून का आखिर तक रखता है. बच्ची को उसका भाषा वापस दो, फिर लाओ."

घरी येऊन दार लावल्यावर देवीदास खाटेवर बसला आणि म्हणाला, "जाऊ दे. नगरपालिकेच्या शाळेत घालू."

त्यावर वत्सला दोन महिन्यांनी मराठीत बोलली. "कायले जाऊ दे? सीट ठेवली न त्या बाईनं? मले सातवीनंतर कोनी सीट ठेवली नवती. तुम्ही पोरीचं तोंड बंद केलं, आता मी उघडतो. त्याच शाळेत जाईन माही पोरगी, आन बोलत जाईन." यापुढं ती आणखी पंधरा मिनिटं बोलली. त्यात करपलेलं दूध आलं, सरलाबाई आल्या, मुकुंदराव आले. मीना दाराशी उभी राहून आईचं बोलणं ऐकत होती, जणू गावात तमाशा आला होता.

देवीदास हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं घरात मराठी सक्तीची केली. पण शाळेत न्यायची मराठी म्हणजे ती शुद्ध हवी, असं त्याला वाटलं. मीना हिय्या करून "मले पानी पायजे" म्हणाली, की तो म्हणायचा, "मला पाणी पाहिजे. म्हण." दोन दिवसांत मीना पुन्हा माठाकडे बोट दाखवू लागली.

तिसऱ्या दिवशी वत्सलानं पिशवी भरली. "मी पोरीले तिगावले नेतो, बाबाकडे. तुम्ही मांगं मांगं येऊ नका."

तिगावला वत्सलाचे वडील तुळशीराम राहत. तीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये रूळ दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. गाड्यांच्या धडधडीवरून आवाज चढवून बोलायची सवय त्यांना लागली होती आणि निवृत्तीनंतर गाड्या नसतानाही ती सुटली नव्हती. सकाळी दात घासण्यापासून ते बोलायला लागत. म्हशीशी बोलत, रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलत, कोणी नसलं तर गेलेल्या गाडीला किती मिनिटं उशीर झाला ते स्वतःला सांगत. मीना त्यांना आबाजी म्हणायची. पहिला आठवडा ती नुसती त्यांच्या मागं फिरली. दुसऱ्या आठवड्यात ती मधेमधे "मंग?" म्हणू लागली. तिसऱ्या आठवड्यात तुळशीरामांना मधे बोलायला जागा मिळेना.

जूनमध्ये देवीदास दोघींना आणायला गेला. पांढुर्ण्याला त्यांनी सौंसरची बस धरली. बस सुटली तशी मीना बोलू लागली. म्हशीला किती सड असतात, पॅसेंजर का थांबते आणि मेल का थांबत नाही, समोरच्या बाईच्या टोपलीत काय असेल. जामसांवलीला देवळाला जाणारी सगळी माणसं उतरली, बस अर्धी रिकामी झाली, तरी तिचा आवाज उतरला नाही. देवीदास खिडकीकडे तोंड करून बसला होता. वत्सलानं बघितलं तर तो डोळे पुसत होता.

"धूळ लय हाये," तो म्हणाला. वत्सलानं खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या मुलाखतीला सिस्टरांनी शाळेचा शिपाई भिवाजी याला जवळ बसवून घेतलं, कारण त्यांना स्वतःला मराठी येत नव्हती. भिवाजी पन्नाशीचा, मवाळ माणूस होता. मीना जे बोलेल ते त्यानं हिंदीत सांगायचं, असं ठरलं.

मीनाला तेवढंच हवं होतं. तिगावच्या स्टेशनावर एक बकरी पॅसेंजरच्या डब्यात कशी चढली, आबाजी तिच्यामागं कसे धावले, गाडी सुटली तेव्हा बकरी खाली आणि आबाजी डब्यात कसे राहिले, हे तिनं उभं राहून, हातवारे करून सांगितलं. बकरीही तीच झाली आणि गार्डही तीच. भिवाजी भाषांतर करायचं विसरून हसत होता आणि त्याच्याकडे बघून सिस्टरही हसत होत्या.

"बस, भाषा पूरा है," सिस्टर म्हणाल्या. "एक लास्ट सवाल. पापा कैसा है?"

भिवाजीनं प्रश्न मराठीत विचारला.

"बाबा चांगला हाये," मीना म्हणाली. "मले सायकलवर फिरवते. पन आबाजी म्हनते, माहा जावई एकदम बयताड हाये."

आमच्याकडे बयताड म्हणजे ज्याला अक्कल असते, पण वेळेवर सापडत नाही, असा माणूस. भिवाजीनं देवीदासकडे बघितलं, मग मीनाच्या रिबिनींकडे बघितलं.

"बोलती है, पिताजी बहुत लगन वाले हैं," तो म्हणाला. "एक बार ठान लिया, तो छोड़ते नहीं."

"बहुत अच्छा. लगन वाला को मराठी में क्या बोला?"

भिवाजीची एवढी पुढची तयारी नव्हती. "बयताड, सिस्टर."

सिस्टरांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला आणि वहीत लिहून घेतला. त्यांनी जुलैपासून स्थानिक भाषा शिकायचं मनावर घेतलं होतं. चूक दुरुस्त करावी असं देवीदासला क्षणभर वाटलं. पण समोर प्रवेशाचा फॉर्म होता आणि सिस्टरांच्या हातातलं पेन त्याच्यावर टेकलेलं होतं. तो भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे बघत राहिला. मीनाला प्रवेश मिळाला.

ऑगस्टमध्ये शाळेनं पालकांची पहिली सभा बोलावली. पालक समिती निवडायची होती. तहसीलदार आले होते, डॉक्टर आले होते, मुकुंदराव नव्या सफारीत पहिल्या रांगेत बसले होते. देवीदास आणि वत्सला मागं भिंतीला लागून बसली. सिस्टर ॲग्नेस उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मुलं शिकतात ती आईबापांच्या जिद्दीवर, आणि आपल्या शाळेत एका बापानं ती जिद्द दाखवली आहे.

"ये मिस्टर सोमकुवर," त्यांनी हात करून दाखवलं. मग वहीत बघून त्या सावकाश, स्पष्ट मराठीत म्हणाल्या, "हे... एकदम... बयताड आहे."

दारातल्या भिवाजीनं डोळे मिटून घेतले. सगळ्या माना मागं वळल्या. तहसीलदारांचा चष्मा नाकावर घसरला.

"हमारा समिती में," सिस्टर प्रेमानं पुढं म्हणाल्या, "मेरे को ऐसा ही बयताड लोग चाहिए. पाँच."

देवीदासनं वत्सलाकडे बघितलं. वत्सला पदर तोंडाला लावून खाली बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. आता खरं सांगावं तर भर सभेत सिस्टरांची फजिती होणार होती, आणि भिवाजीची नोकरीही धोक्यात आली असती. देवीदास सावकाश उभा राहिला. शर्ट खाली ओढून त्यानं सरळ केला.

"थँक यू, सिस्टर," तो म्हणाला. "मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन."

तो खाली बसला. मग पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली आणि मुकुंदराव उठले. समितीतली जागा पोस्टातल्या कारकुनाला मिळावी आणि आपण नुसतं बसून राहावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

"सिस्टर," ते हात जोडून म्हणाले, "हम भी कुछ कम बयताड नहीं हैं. सारे गाँव से पूछ लीजिए."

त्यांच्यामागून डॉक्टरांनी हात वर केला. मग आणखी दोघांनी. सिस्टरांनी सगळ्यांची नावं मोठ्या आनंदानं लिहून घेतली, पण पहिलं नाव त्यांनी सोमकुवरांचंच ठेवलं.