कुशाबाची तीन दिवसांची हजेरी

गौतमीबाईंनी टेपचं एक टोक मैनाच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि त्या न्हाणीपासून केळीपर्यंत चालत गेल्या. तेव्हाच गोमाजीच्या मनात पाल चुकचुकली.

"काय मोजतेय ती?" त्याने बायकोला दबक्या आवाजात विचारलं.

"वाफा. दहा बाय दहाचा करायचा म्हणं, भाजीला."

"वाफा डोळ्यांनी दिसत नाय? टेप कशाला लागते?"

मैनाने टेपचं टोक न्हाणीपाशी घट्ट धरलं. तिला वाफा करायचा होता.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माचीवर बसलेली खिंडवाडी बावीस घरांची. महाडच्या एका संस्थेने तिथे देवळाच्या पडवीत परसबाग आणि सकस आहाराचं तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. बी फुकट, रोपं फुकट, दुपारचं जेवणही फुकट. गोमाजीचं घोडं तिथेच अडलं होतं. त्याच्या बासष्ट वर्षांत जो कोणी हा चढ चढून वर आला, तो काहीतरी मागायलाच आला होता. कुणाला मत हवं होतं, कुणाला बोकड. द्यायला म्हणून कोणी आलंच, तर ते सुई टोचून गेलं होतं.

शिवाय खालच्या गावाचं उदाहरण ताजं होतं. तिथे आदल्या साली असेच दोघेजण टेप घेऊन आले, गोड बोलले, एका म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन गेले. आता त्याच्या वरकस जमिनीला काटेरी तार होती आणि तिथला राखणदार त्यालाच विचारायचा, "कुठे चाललात?"

पहिल्या दिवशी संस्थेच्या गौतमीबाई हातात नाचणीची भाकरी धरून बोलल्या. नाचणीत लोह असतं, शेवग्याच्या पाल्यात किती ताकद असते, गांडुळं शेणापासून कसं सोन्यासारखं खत करतात. बायका मन लावून ऐकत होत्या.

"नाचणी खा म्हणून सांगायला महाडवरनं जीप करून कोण येतंय रे?" गोमाजी शेजारच्या नाथूच्या कानाशी लागला.

"आपण तर रोजच खातो, दादा."

"तेच म्हणतो मी. आधी आपलीच भाकरी आपल्याला गोड करून सांगायची. आता कागद निघतो का नाय बघ."

आणि कागद निघाला. हजेरीचा. त्यावर चार रकाने होते. नाव, वय, जमीन किती, सही किंवा अंगठा. 'जमीन किती' हे ऐकल्यावर गोमाजी उठला, तंबाखू थुंकायचं निमित्त करून देवळामागे गेला, आणि त्याच्यामागून एकेक करत निम्मी वाडी तिथे गोळा झाली.

"आपली नावं सांगायची नायत," गोमाजी म्हणाला. "मेलेल्यांची सांगा. मेलेल्या माणसाची जमीन कोण घेईल? कोर्टात गेलं तरी सांगता येईल, ह्यो माणूस कधीच वारलाय."

"आणि अंगठा?" महिपतने विचारलं. तो जरा खोलात जाणारा होता.

"डाव्याच्या बदली उजव्या हाताचा दे."

वाडीला हे पटलं. गोमाजी आपला बाप कुशाबा झाला. नाथू आपला आजा धोंडू झाला, महिपत आपला चुलता चांगू झाला. बायकांनी आपापल्या सासवांची नावं दिली. दुपारच्या जेवणाआधी देवळाच्या पडवीत तेवीस मयत माणसं रांगेने बसून गांडूळखताची माहिती ऐकत होती.

अडचण झाली ती सुनांची. खिंडवाडीत सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर डोक्यावरचा पदर पुढे ओढते. गौतमीबाई रोज सकाळी मोठ्याने हजेरी घ्यायच्या. त्यांनी 'कुशाबा' म्हटलं की मैनाचा पदर कपाळावर यायचा. 'धोंडू' म्हटलं की पलीकडच्या दोघींचा. तेवीस नावं होईपर्यंत एकाही बाईचं तोंड दिसेनासं व्हायचं. वाडी फार मर्यादशील आहे, असं गौतमीबाईंचं मत झालं.

"कुशाबांना सांगा, वाफ्याला दुपारी पाणी घालू नका," त्या मैनाला म्हणाल्या.

"सांगते," मैना पदराआडून म्हणाली. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मात्र ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, सासऱ्याचं नाव तुम्ही घेऊन बसलात. आता तुम्हाला वाढताना मी पदर घ्यायचा का नाय, तेवढं सांगा."

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या परसबागा पाहून झाल्या आणि मैनाने केलेल्या वाफ्याला पहिला नंबर मिळाला. प्रमाणपत्र घरच्या कर्त्या माणसाच्या नावाने होतं. वर गुलाबाची वेलबुट्टी, खाली तारीख आणि गोल शिक्का, आणि मध्ये गौतमीबाईंच्या वळणदार अक्षरात 'श्री. कुशाबा, वय ६२, परसबाग व गांडूळखत, पहिला क्रमांक'. टाळ्या वाजल्या. गोमाजीने ते घरी आणून दारासमोरच्या भिंतीवर खिळ्याने ठोकलं.

"बापाच्या नावाचं का असेना, इनाम आपलं हाय," तो म्हणाला.

महिन्याभरात वाफ्यात मेथी आली, मुळा आला, आणि तलाठी भाऊसाहेब आले.

तलाठी दारात येण्याची वाट गोमाजी तीस वर्षं पाहत होता. त्याचा बाप चौऱ्याहत्तर साली वारला, पण सातबाऱ्यावर जमीन अजून बापाच्याच नावावर होती. बाप वारल्याचा दाखला मिळत नव्हता, कारण त्या सालचं दप्तर वाळवीने खाल्लं होतं. पाच तलाठी बदलून गेले, दाखला काही उगवला नाही. आताचे भाऊसाहेब चांगले होते. ते म्हणाले होते, "दोन पंच आणा. कुशाबा वारले असं त्यांनी सांगितलं की जबाब घेतो आणि वारस नोंद धरतो." मुंबईचा मुलगा मंगेशही प्रत्येक पत्रात तेच लिहायचा. नाव चढलं नाही, तर भाऊबंदांपैकी कोणीही उद्या उभा राहील.

भाऊसाहेब पडवीत टेकले. नाथू आणि महिपत पंच म्हणून धुतलेल्या टोप्या घालून आले. चहा आला. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"कुशाबा कधी वारले?"

"चौऱ्याहत्तर साली. पावसाळ्यात," गोमाजी म्हणाला.

"आम्ही दोघं खांद्याला होतो," नाथूने भर घातली.

भाऊसाहेब लिहिणार, एवढ्यात त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. ते उठले, चष्मा वर करून प्रमाणपत्र वाचलं, पुन्हा खाली बसले आणि पेनाला टोपण लावलं.

"चौऱ्याहत्तर साली वारले. मग गेल्या महिन्यात गांडूळखत कोण शिकलं?"

गोमाजीने घाईने चहाचा कप पुढे सारला. तो काही बोलणार, तर दारात गौतमीबाई उभ्या. महिन्याने परसबागा तपासायला येईन, असं त्यांनी शिबिरातच सांगितलं होतं, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

"नमस्कार कुशाबा," त्या हसून म्हणाल्या. "अरे वा, धोंडूबाबा, चांगूबाबाही इथेच आहेत."

आत मैनाने सवयीने पदर ओढला.

भाऊसाहेबांनी वही मिटली. "म्हणजे एक मयत माणूस समोर बसून स्वतःच्या मरणाची नोंद मागतोय, आणि त्याला साक्षीला दोन मयत आणलेत. मी नोकरी करू की नको?"

मग सगळं सांगावं लागलं. गोमाजी थोडं बोलला, बाकीचं मैनाने मुळा निवडता निवडता सांगून टाकलं. भाऊसाहेब ऐकत गेले तसे त्यांचे डोळे बारीक होत गेले.

"अहो, पण मेलेल्यांचीच नावं का दिलीत?"

"जमीन वाचवायला, भाऊसाहेब."

"तुमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर आहे कोण? कुशाबा, धोंडू, चांगू. जिवंत एकही नाही. तुम्ही खरी नावं सांगितली असती, तर त्या कागदावर एकही जमीनमालक नसता. तुम्ही शोधून शोधून मालकांचेच अंगठे दिलेत. या बाईंच्या मनात पाप असतं, तर अख्खा डोंगर गेला होता."

महिपतने आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. गोमाजीने गौतमीबाईंकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आता त्या त्याच्याकडे बघतायत. तो स्वतः शिबिराचे तिन्ही दिवस त्यांच्याकडे बघत होता, अगदी तसंच.

"माझा अहवाल वर गेलाय," त्या म्हणाल्या. "तेवीस लाभार्थी. सगळे वारलेले. आणि तुमचं नाव गोमाजी आहे, हे कशावरून?"

"बाय, मीच सांगतोय ना."

"तुम्ही मागे कुशाबाही सांगितलं होतं."

मैनाने फडताळातून रेशनकार्ड आणून दिलं. गौतमीबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं, त्यातल्या वयाशी माणूस जुळतो का म्हणून गोमाजीला उभं राहायला लावलं. नाथू आणि महिपत आपापली कार्डं आणायला न सांगता पळाले.

शेवटी भाऊसाहेबांनीच तोड काढली. संस्थेने लिहून द्यावं की कुशाबा नावाचा कोणी इसम शिबिराला नव्हता. तेवढा कागद जोडला, की पंचांचा जबाब उभा राहतो. गौतमीबाईंनी पिशवीतून संस्थेचा छापील कागद काढला आणि लिहिलं. गोमाजीने तो तीनदा वाचून घेतला. एकदा त्यांच्याकडून, एकदा भाऊसाहेबांकडून, आणि एकदा परत त्यांच्याकडून, मधला वाचताना भाऊसाहेब अडखळले होते म्हणून.

'श्री. कुशाबा हे आमच्या शिबिरास हजर नव्हते, कारण ते सन १९७४ मध्ये वारले आहेत.' खाली सही, गोल शिक्का.

तीस वर्षांत कुशाबा वारल्याचं शाईने लिहिलेला तो पहिला कागद होता.

"आता माझं," गौतमीबाई पेन मिटत म्हणाल्या. "तेवीस माणसं कमी पडलीत. पुढच्या आठवड्यात शिबिर पुन्हा. तिन्ही दिवस. प्रत्येकाने रेशनकार्ड घेऊन यायचं, आणि डाव्या हाताचा अंगठा."

सोमवारी देवळाच्या पडवीत वाडी पुन्हा बसली. गौतमीबाईंनी दारातच एकेकाचं कार्ड तपासलं आणि हजेरी घेतली. या वेळी एकाही सुनेचा पदर हलला नाही, फक्त नवऱ्याचं नाव आलं की जी ती लाजून दुसरीकडे बघत होती. मग त्यांनी नाचणीची भाकरी हातात घेतली, शेवग्याचा पाला दाखवला, आणि बादलीभर शेण पुढे ओढलं.

"गांडूळखत कसं करायचं, कोणाला माहीत आहे?"

गोमाजीचा हात वर गेला. त्याला ते पाठ होतं, त्यात त्याला पहिला नंबर होता.

"तुम्हाला कसं माहीत असेल, गोमाजीबाबा?" गौतमीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मागच्या शिबिराला नव्हतात. तेव्हा कोण आलं, कोण नाही, ते मी तलाठ्यांना लेखी दिलंय."

बायका तोंडात पदर धरून हसल्या. गोमाजीच्या ओठावर उत्तर आलं होतं. पण चावडीवर लावलेल्या नोटिशीत त्याच्या वारस नोंदीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस दिले होते, त्यातले नऊ अजून बाकी होते. त्याने हात खाली घेतला, आणि गांडूळ म्हणजे काय हे तो पहिल्यापासून ऐकू लागला.