गाजरगवताचा तास

विज्ञानाच्या बाई एकोणीस वर्षांत फळ्यासमोर कधी अडखळल्या नव्हत्या. मूळ, खोड, पान, फूल, सगळं त्या रंगीत खडूंनी झरझर काढायच्या आणि ते इतकं सुबक यायचं, की पुसायला मुलांचा हात धजत नसे. त्यामुळे चौथीला या वर्षी जीवशास्त्र शाळेच्या बागेत कोण शिकवेल, असं मोठ्या बाईंनी विचारलं, तेव्हा बाकीच्यांनी वह्यांत डोकी खुपसली आणि विज्ञानाच्या बाईंनी हात वर केला.

"त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "फळ्यावर शिकवते तेच बागेत शिकवायचं. फक्त डोक्यावर टोपी घालायची."

दाराशी माळीकाका कुंडी ठेवत होते. ते वाकूनच म्हणाले, "बाई, मी येऊ का बरोबर? कुठे काय लावलंय ते दाखवतो."

"काका, माझं शिक्षणच त्यात झालंय."

शिक्षकखोलीत दोघं-तिघं हसले. काका मान हलवून निघून गेले. ते हसणं बाईंना तेव्हा आवडलं होतं आणि पुढे ते आठवलं, की त्यांचे कान गरम व्हायचे.

गुरुवारी बत्तीस मुलं रांगेने बागेत आली. पाण्याच्या टाकीमागे एका वाफ्यात बारीक कातरलेल्या पानांची रोपं वाऱ्यावर डुलत होती. बाईंचे डोळे चमकले. पुस्तकातलं चित्रच समोर उगवलं होतं.

"हे गाजरगवत," त्यांनी जाहीर केलं. "अत्यंत उपद्रवी तण. अंगाला लागलं की खाज सुटते, पुरळ उठतं. म्हणून सगळ्यांनी हातात पिशव्या घाला. प्रत्येकाने एक रोप मुळासकट उपटायचं. म्हणजे आपलं सोटमूळही बघून होईल आणि बागही साफ होईल."

पहिल्या रांगेतल्या चष्मेवालीने हात वर केला. "बाई, गवत असं सरळ ओळीत कसं उगवलं?"

"बी वाऱ्याने येतं. वारा सरळच वाहतो."

चष्मेवालीने ते वहीत लिहून घेतलं, तिचं बघून बाकीच्यांनीही. मग आपलं रोप उपटलं आणि पुन्हा हात वर केला. "बाई, याचं मूळ केशरी आहे."

"मातीत लोह असतं," बाई म्हणाल्या. तोवर छत्तीसच्या छत्तीस रोपं बाहेर आली होती. मुलं बत्तीस, तेव्हा उरलेली चार बाईंनी स्वतः उपटली.

इतक्यात शेवटच्या रांगेतला एक गोलमटोल मुलगा मान खाजवू लागला.

"तुला लागलं का ते?" बाईंनी घाबरून विचारलं. एवढं पुरलं. शेजारच्याने दंड खाजवला, त्याच्या शेजारणीने दोन्ही गुडघे. पाच मिनिटांत अख्खी चौथी माकडांच्या कळपासारखी अंग खाजवत होती. बाईंनी सगळ्यांना टाकीच्या नळाखाली उभं केलं. भिजलेली मुलं जास्तच खाजवू लागली. मोठ्या बाई धावत आल्या, त्यांनी बत्तीस घरी फोन लावायला सांगितले. अर्ध्या तासात फाटकाशी पंधरा-वीस आईबाप जमले. कोणी टॉवेल आणले होते, एका आजोबांनी तर घरातली औषधाची अख्खी पेटीच आणली होती. आणि खुद्द बाईंच्या कोपरालाही खाज सुटली होती.

एका मुलाची आई डॉक्टर होती. दवाखाना तसाच टाकून आलेल्या त्या बाईंनी चार-पाच मुलांचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"पुरळ तर एकालाही नाही. लागलं काय नक्की?"

"गाजरगवत," बाईंनी ढीग दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी एक रोप उचललं. हुंगलं. नळाखाली धुतलं. आणि सगळ्यांच्या देखत त्याचं मूळ कडाकडा चावून खाल्लं.

"गाजर आहे," त्या म्हणाल्या. "कोवळं आहे अजून. गोड आहे पण."

बत्तीस मुलांची खाज त्याच क्षणी थांबली. आईबाप एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी खोकल्याच्या आड हसलं. विज्ञानाच्या बाई खाली बघत होत्या. पायांशी छत्तीस गाजरं पडली होती, पेन्सिलीएवढी, आणि एकेक नीट केशरी.

शाळा सुटल्यावर त्या अवजारांच्या खोलीशी गेल्या. माळीकाका खुरपं पुसत बसले होते. त्यांना सगळं आधीच कळलेलं दिसत होतं.

"काका, माझं चुकलं. तुम्ही येतो म्हणालात आणि मी..." पुढचं वाक्य बाईंना जमेना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"चौथीसाठीच लावली होती," काका म्हणाले. "मुलं बत्तीस म्हणून छत्तीस रोपं ठेवली. चार किडीला गेली तरी कुणी रिकाम्या हाताने राहू नये. पुढच्या महिन्यात त्यांनीच उपटायची होती."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका रागावले असते तर त्यांनी निमूट ऐकून घेतलं असतं, पण हे ऐकवेना.

"उपटली त्यांनीच," काका सावकाश म्हणाले. "जरा लवकर झालं, एवढंच. पाटी लावायला हवी होती मी."

"पाटी मला लावा," बाई म्हणाल्या. काका पहिल्यांदा हसले.

सोमवारी बाईंनी वर्गात सरळ सांगून टाकलं. ते गाजरगवत नव्हतं, ती गाजरं होती. बाईंना ओळखता आलं नाही. वारा आणि लोह या दोन्ही गोष्टी त्यांनी ऐनवेळी रचल्या होत्या, त्या वहीतून खोडाव्यात. बत्तीस खोडरबर एकदम चालू लागले. तो आवाज बाईंनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकला.

मग सगळे बागेत गेले. या वेळी शिकवायला काका होते आणि बाई मुलांत उभ्या होत्या, हातात वही घेऊन. काकांनी काठीने ओळ आखली, चिमटीने बी सोडलं, वर माती लोटली. बी किती खोल जावं, दोन ओळींत अंतर किती, सगळं बाई मन लावून लिहून घेत होत्या. नीट दिसावं म्हणून त्या हळूच दोन पावलं पुढे सरकल्या.

काका बोलायचे थांबले. मुलंही बघू लागली.

"बाई," काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "जरा मागे येता का? आत्ता पेरलेली ओळ तुमच्या पायाखाली आहे."