चंद्रामायचे सालगडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर नक्कीच चुकलं असेल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात धरला तो बचत गटाच्या सहीपुरता. लोकांसमोर मला बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहिते. चंद्रामायबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि तिची शेजारीण मीच आहे.

आमचं गाव शेलूबाजारपासून जीपने अर्ध्या तासावर. दरवर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रामाय पोळ्यांचा डबा घेऊन सरकारी माणसांचं साल ठरवायला निघते.

सालगडी म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. आमच्याकडे पाडव्याला मालक त्याला जेवू घालतो आणि पुढच्या साली ठेवायचं की नाही ते सांगतो. चंद्रामायचा बाप असाच सालगडी होता. ती लहान असताना एका सभेत तिने ऐकलं, की इंग्रज गेले, आता देशाचे मालक आपण आणि सरकारातले सगळे आपले नोकर. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. चंद्रामायने ते खरं धरलं.

तलाठी नवीन होता तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. तिने त्याच्या टेबलावर डबा उघडला, दोन पोळ्या खाऊ घातल्या आणि म्हणाली, "काम बरं हाय तुह्यं. या साली ठेवलं तुले. पन सात-बाऱ्यासाठी लोकायले चार-चार चकरा माराले लावतं, ते बंद कर." पोराला हसावं की उभं राहावं कळेना. तो उभा राहिला. तसंच ती लाइनमनला ठेवते, दवाखान्यातल्या नर्सबाईला ठेवते, एसटीच्या ड्रायव्हरला ठेवते. एका साली बस सहा वेळा आलीच नाही, तेव्हा ड्रायव्हरला तिने एकच पोळी दिली.

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब गावात आले. हार, भाषणं, सगळं दुपारपर्यंत चाललं. चंद्रामाय गर्दीतून थेट पुढे गेली आणि म्हणाली, "जेवला का बापा?" साहेब खरं बोलले, नाही म्हणाले. मग ती सरपंचाकडे वळली. "गड्याले उपाशी ठेवून भाषनं कायले करता?" साहेब तिच्या ओट्यावर भाकरी आणि ठेचा खाऊन गेले. जाताना त्यांनी विचारलं, माय, काही मागणं आहे का? ती म्हणाली, मालकाने गड्याकडे मागायचं नसतं, सांगायचं असतं. आणि दवाखान्यात डॉक्टर बसत नाही, ते सांगितलं. पुढच्या महिन्यात डॉक्टर आला. आता आठवड्यातून तीन दिवस असतो. "अर्धं झालं, अर्धं बाकी हाय," चंद्रामाय म्हणते.

हे तिचं नेहमीचं आहे. तिच्या बापाला मालकाच्या वाड्यात ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आता तिच्या दारात स्वतःचा नळ आहे. पहिल्या दिवशी तिने स्वतः पाणी प्यायलं नाही, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून पाजलं, जात न विचारता. पण नळाला पाणी दर तिसऱ्या दिवशी येतं. म्हणून अर्धं झालं, अर्धं बाकी. आमच्या वस्तीतली पोरगी डिग्री घेऊन आली, तेव्हा चंद्रामायने गावभर साखर वाटली. तीच पोरगी दोन वर्षं घरी बसली. पुन्हा अर्धं बाकी.

या सगळ्या फेऱ्यांत तिच्या मागे डबा धरून किसनबाबा असायचे. तिचे मालक. मालक म्हटलेलं तिला चालायचं नाही, ती त्यांना बुढा म्हणायची. बाबा दिवसातून चार शब्द बोलायचे. ती त्यांना रस्ताभर रागवायची, डबा वाकडा धरला, चाल हळू आहे, आणि ते मान डोलवायचे. मागच्या दिवाळीआधी ते गेले. चंद्रामाय लोकांसमोर रडली नाही. तेराव्या दिवशी नव्या सिमेंटच्या रस्त्यात काठी खुपसून जाडी मोजत होती. ठेकेदार म्हणाला, आजी तुमचं इथं काय काम? ती म्हणाली, घर माह्यं, ओटा किती जाड पाहिजे ते मी सांगन.

त्यानंतर एकच नवी सवय लागली. दर महिन्याला ती जीपने बँकेत जायची, रांगेत उभी राहून पासबुकावर छापून घ्यायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. आम्हाला वाटलं, आता बँकही तपासायला घेतली.

गावात बाबाराव म्हणून एक आहे. त्याने संडासाचं अनुदान घेतलं, संडास बांधला आणि त्यात गुरांचं कुटार, म्हणजे भुसा, भरला. चंद्रामाय दोन दिवस त्याच्या दारात बसली, "आपल्या पैशाचा संडास हाय, मले जाऊ दे," म्हणत. शेवटी त्याने कुटार काढलं. तो राग त्याच्या मनात होता. या वर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर म्हाताऱ्यांच्या पेन्शनची यादी लागली. बाबारावने ती वाचली आणि पारावर दहा माणसांसमोर तिला विचारलं, "काय वं मालकीनबाई, बुढा कागदावर जिता कसा? अकरा महिने झाले, पेन्शन खाऊन राह्यली का त्याची?"

मी तिथेच होते. चंद्रामायने काठी उचलली आणि घरी गेली.

मग आठ दिवस ती कुठेच दिसली नाही. रस्त्यावर खड्डा पडला, तिने पाहिला नाही. बस आली नाही, तिने विचारलं नाही. नर्सबाई स्वतः चौकशी करून गेली. लोक म्हणू लागले, सगळे सारखेच. मला ते फार लागलं.

नवव्या दिवशी सकाळी तिने भिंतीवरून हाक मारली. "मंदे, चाल. तुले वाचता येते."

जीपमध्ये तिने पासबुक माझ्या हातात दिलं. दोघांच्या नावाचं खातं. दर महिन्याला बाबांची पेन्शन जमा झालेली, आणि एकही रुपया काढलेला नाही. मी विचारलं, मग कळवलं का नाही माय?

ती बाहेर तुरीच्या शेताकडे पाहत राहिली. "पोरं पुण्याले. गावाले वाटते बुढा गेला, झालं. महिन्यातून एक डाव ते मशीन त्याचं नाव छापे. कोनीतरी त्याची हजेरी लावून राह्यलं, असं वाटे मले." मग म्हणाली, "चुकलंच माह्यं. मालकानं आपल्याच घरात असं करावं नाई."

 मी तिचा हात धरला, तो तिने लगेच सोडवून घेतला.

तहसील कचेरीत वेगळीच पंचाईत झाली. तिथल्या बाबूला पैसे द्यायचे कसे ते माहीत होतं, परत घ्यायचे कसे ते नव्हतं. तो म्हणाला, माय, राहू द्या, कोणी विचारत नाही. चंद्रामाय म्हणाली, "मी विचारून राह्यली ना." त्याने दुसऱ्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्या. आम्ही तीन खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला ती बाबूसमोरच्या बाकावर बसली आणि बोलली, "माह्या बापाचा हिशोब मालकानं मरेपर्यंत मोकळा केला नाई. बाप गेला अन मी अन माह्या भावानं तो हिशोब फेडला, गुरं चारून. माह्या बुढ्यावर मी कोनाचं ठेवनार नाई. आनि माह्या देशात तरी घेनाऱ्यानं घेतलं, अन पोच देली, असं झालं पायजे."

बाबूने पेन खाली ठेवला. मग आतल्या साहेबांकडे गेला, एक जुनी फाइल काढून आणली आणि चलन भरायला घेतलं. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उठून पाहू लागले.

बँकेत पैसे भरून, चलनावर शिक्का घेऊन आम्ही परत कचेरीत आलो. बाबूने पोच लिहिली. चंद्रामाय म्हणाली, वाच मंदे, मोठ्यानं. एवढ्या लोकांसमोर मी कधी वाचलं नव्हतं.  तरी वाचलं, की मयत किसन यांच्या नावे जमा झालेली अकरा महिन्यांची रक्कम त्यांच्या पत्नीने स्वतःहून परत केली, काहीही बाकी नाही.

मयत शब्द आला तसं तिने पदराने तोंड पुसलं. मग बाबूला म्हणाली, "तुलेही ठेवलं या साली."

बाहेर आल्यावर तिने मला पुन्हा शेवटचे शब्द, "काहीही बाकी नाही", वाचायला लावले, आणि पोच घडी करून कमरेला खोचली. पैसे पूर्ण फिटले होते.