आठव्यांदा सापडले

कोपऱ्यावर दूध आणायला गेलेले रत्नाकरराव सकाळी साडेसातला पोलिसांना सापडले. या आठवड्यातली ही सहावी वेळ.

"सार, आपण पुन्हा बेपत्ता जाहलां," हवालदार राणोजी म्हणाला. तो तंजावरकडचा, त्याचं मराठी तीनशे वर्षं मुरलेलं आणि हेल तमिळ.

"अरे बाबा, दूध घ्यायला आलोय!"

"मशीन चेहरा दाखवितें, सार. सापडल्या मनुष्यास घरीं पोचविणें, ऐसा हुकूम."

"मग यादीतून नाव काढा की."

"तक्रार दिल्या अम्मांनींच येऊन सही करावी लागते."

त्या अम्मा म्हणजे अलकनंदाबाई. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की काम होत नाही, ही सासूबाईंची शिकवण त्यांनी चौतीस वर्षं पाळली होती. गेल्या महिन्यात रत्नाकरराव जॉर्ज टाउनच्या बाजारात समया बघायला गेले, फोन बंद पडला आणि सहा तास पत्ता नाही. बाईंनी तिरुवल्लिकेणीचं राहतं घर बंद करून थेट ठाणं गाठलं. "कुठे गेले?" या प्रश्नावर "ते विचारायची आमच्यात पद्धत नाही," असं बाणेदार उत्तर देऊन नवऱ्याचा फोटो जमा केला. नवरा संध्याकाळी घरी आला, जेवला, झोपला. तक्रार मागे घ्यायची राहून गेली आणि बाई लेकीच्या, रुचाच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या. या सोमवारी शहरातले कॅमेरे, ठाण्यातल्या याद्या आणि पोलिसांचे मोबाइल एकमेकांना जोडले गेले, आणि रत्नाकरराव घराबाहेर पडले की 'सापडू' लागले.

आज तर तीस नोव्हेंबर. बँकेत हयातीचा दाखला द्यायची शेवटची तारीख. आज चुकलं की पेन्शन बंद.

अकराला ते टोपी आणि मास्क घालून निघाले. यंत्रणेने त्यांना 'तोंड लपवणारा संशयित' ठरवलं. ठाण्यात मास्क उतरवल्यावर संशयित सुटला, बेपत्ता सापडला आणि जीप पुन्हा घराकडे वळली. साडेतीनला ते रिक्षात पायांपाशी अंग चोरून बसले आणि एकदाचे बँकेत पोचले.

अधिकारी शरण्याने त्यांच्यासमोर मोबाइल धरला. "सार, चेहरा जुळत नाही."

"पुन्हा बघा, मॅडम."

तीनदा बघितलं. सगळ्या शहराला ओळखू येणारं तोंड बँकेला ओळखू येईना. रत्नाकरराव मटकन खुर्चीत बसले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

एवढ्यात धापा टाकत राणोजी आला. बँकेचा कॅमेराही जोडलेला होता.

"या, या राणोजी!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पोलीस बघून आनंद झाला. "सांगा यांना, मी कोण ते."

राणोजीने दाखवलेला मोबाइल शरण्याने वाचला. "यात तर बेपत्ता लिहिलंय. बेपत्ता माणसाला हयात कसं म्हणू?"

राणोजीने दमून कपाळ पुसलं. खिशातून एक छापील कागद काढला, नाव आणि तारीख भरली. रोज रोज सही कोण करणार, म्हणून इन्स्पेक्टरसाहेबांनी दहा कोऱ्या कागदांवर सही-शिक्का मारून दिला होता.

शरण्याने कागद उलटसुलट केला. "'सदर इसम आज जिवंत सापडला.' पोलीस अधिकाऱ्याची सही, शिक्का, तारीख आजची. हे चालेल, सार!"

रत्नाकरराव जीपमध्ये बसतात तोच अलकनंदाबाईंचा फोन आला. "अहो, शेजाऱ्यांकडून ऐकलं मी सगळं. रविवारीच येते आणि ती तक्रार मागे घेते."

"अजिबात नको," रत्नाकरराव म्हणाले. "पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मला बेपत्ताच राहू दे."