सेंगकांगचा डोंगरदेव

"सिंगापूरमध्ये हिमालयातली झाडं जगत नाहीत? जगवणाऱ्याला अक्कल नसते म्हणून!" निशिकांतने बायकोला ठणकावून सांगितलं. सुचित्राने कपाळाला हात लावला.

झालं! सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉरमध्ये दगडांचा छोटासा डोंगर उभा राहिला. फटींत वाळू, खडी आणि त्यावर गोधडीसारखी दाट पसरणारी, बारमाही हिरवी, थंड मुलखातली रोपं. जन्मतःच जमिनीला चिकटलेली ती मंडळी आणखी काय आडवी होणार? पण इथल्या उकाड्यात झाली!

निशिकांत हार मानणारा नव्हता. रोज सकाळी तो डोंगरापुढे गुडघे टेकून बर्फाचे खडे ठेवी, पेपरने वारा घाली आणि पुटपुटे, "जगा रे बाबांनो!"

शेजारच्या लिम आंटी दाराच्या फटीतून हे सगळं बघत होत्या. एके दिवशी डोंगरावर दोन संत्री आली.

"अगं, माझ्या डोंगरावर फळं कुणी ठेवली?"

"सोलून खा," सुचित्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मात्र हद्द झाली. सर्वांत गुबगुबीत रोपाच्या ऐन पोटात तीन जळत्या उदबत्त्या! निशिकांतने आंटींचं दार बडवलं.

"आंटी, धिस इज नॉट गॉड! धिस इज प्लांट!"

"आय नो, आय नो," आंटी हळूच म्हणाल्या. "माउंटन गॉड. ही लाइक आइस, राइट?"

"नो गॉड!"

"आय्यो, सॉफ्टली लाह! ही कॅन हिअर!"

बघता बघता मजल्यावरच्या सगळ्या आज्या गुडघेदुखी घेऊन येऊ लागल्या. उरलेली रोपं बर्फाच्या पाण्याने कुजून काळी पडली. संतापलेला निशिकांत दगड फेकून द्यायला ट्रॉली घेऊन निघाला, तर समोर फुलं घेतलेल्या तीन आज्या!

"आता हे हलवलंस," सुचित्रा कानात म्हणाली, "तर आपल्यालाच इथून हलावं लागेल."

"अगं, मी इंजिनियर आहे! पुजारी नाही!"

त्या तिघींतल्या लिम आंटींनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या गवताची हिरवीगार चटई काढून दगडांवर अंथरली. "अंकल, युअर प्लांट ऑल डेड. धिस वन नो नीड आइस."

प्लॅस्टिक! त्याच्या डोंगरावर! निशिकांत रात्रीच्या जेवणापर्यंत धुमसत होता.

सकाळी सुचित्राने दार उघडलं, तर तो ओल्या फडक्याने ती चटई पुसत होता.

"देवाबिवाचं काही नाही!" तो खेकसला. "धूळ बसलीय, म्हणून!"

चपला मात्र लांब, लिफ्टपाशी काढून ठेवल्या होत्या.